अक्षदाचे चार गुरुवार

गुरुवारी संध्याकाळी सहाला अक्षदा शिरूरहून एसटीने दौंडला परतली, चपला दारात भिरकावल्या आणि हातपाय न धुता थेट कॉम्प्युटरच्या खोलीत शिरली. मॉनिटरचं बटण दाबलं. पडदा उजळला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडद्यावरची चित्रं बचकेएवढी झाली होती, अक्षरं फुगून ओबडधोबड दिसत होती, आणि सकाळी साडेसातला तिने चालू करून ठेवलेलं काम अर्ध्यातच बंद पडलं होतं. हा ओळीने चौथा गुरुवार.

"गेला! मेल्याचा ड्रायव्हर परत गेला!" ती ओरडली.

बाहेर ओट्यावर तिचे सासरे बसले होते, भिमाजी आप्पा. मान न वळवता ते म्हणाले, "ड्रायव्हर गेला, ओके."

या 'ओके'चा तिला भारी संताप यायचा. आप्पांनी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं पॅनलवर, यंत्रांच्या बटणांसमोर, काढलेली. तिथली रीत अशी, की खाली प्लँटमध्ये उभा असलेला माणूस वॉकीटॉकीवर जे सांगेल ते वर पॅनलवर बसलेल्याने जसंच्या तसं परत म्हणायचं आणि पुढे 'ओके' लावायचं. 'तीन नंबर व्हॉल्व्ह बंद.' 'तीन नंबर व्हॉल्व्ह बंद, ओके.' म्हणजे ऐकलं, समजलं, गफलत नाही. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी आप्पांची ड्यूटी काही सुटली नव्हती. 'आप्पा, चहा ठेवलाय.' 'चहा ठेवलाय, ओके.' 'आप्पा, शेजारचे काका वारले.' 'काका वारले, ओके.' उद्या घराला आग लागली तरी हा माणूस 'आग लागली, ओके' म्हणून बसून राहील, असं अक्षदा नवऱ्याला म्हणायची. नवरा खंडूही कुरकुंभलाच, दुसऱ्या कंपनीत, शिफ्टवर. तो हसायचा आणि कूस बदलून झोपायचा.

आता हा ड्रायव्हर काय, ते सांगायला हवं. कॉम्प्युटरच्या पोटात चित्रं काढणारं एक वेगळं कार्ड असतं, ग्राफिक्स कार्ड. त्या कार्डाकडून काम कसं करून घ्यायचं हे कॉम्प्युटरला समजावणारा प्रोग्रॅम म्हणजे त्याचा ड्रायव्हर. तो गेला की कार्ड असून नसल्यासारखं. पडद्यावर सगळं मोठं आणि बेढब दिसतं, आणि जड काम चालू असेल तर ते तिथल्या तिथे कोसळतं. अक्षदाचं काम जडच होतं. लोक बांधायच्या आधी आपला बंगला कसा दिसणार ते बघायला मागतात, ते ती करून द्यायची. त्याला सगळे थ्रीडी म्हणतात. बाहेरून रंगीत चित्र, आणि ज्याची हौस दांडगी त्याला घरातून फिरवून आणणारा व्हिडिओसुद्धा. असा एक व्हिडिओ तयार व्हायला तिच्या कॉम्प्युटरला सात-आठ तास लागत.

अक्षदा शिरूरची, एका गवंड्याची पोरगी. राग तिला बाळगुटीतूनच मिळालेला. आयटीआयला नकाशे काढायचा ट्रेड घेतला तेव्हा बाविसांच्या वर्गात ती एकटी मुलगी. "लग्न झाल्यावर पोळ्या लाटायच्या, त्याला नकाशा कशाला?" असं एक निदेशक भर वर्गात म्हणाले. आठ दिवसांनी तिने त्या निदेशकांच्याच नव्या घराचा नकाशा काढून फळ्याला डकवला. त्यात जिना कुठे चुकलाय आणि तिसऱ्या पायरीवर कुणाचं डोकं तुळईला आपटणार, ते लाल पेनाने दाखवलं होतं. निदेशकांच्या कपाळावर तेव्हा टेंगूळ होतंच. वर्ग हसून हसून आडवा झाला. वडिलांना आयटीआयत बोलावणं आलं, पण ट्रेडला ती पहिली आली.

आणि तरी लग्न होऊन दौंडला आली ती सहा वर्षं पोळ्याच लाटत बसली. निदेशक खरे ठरले याचा राग ती रोज कणकेवर काढायची. मग शिरूरच्या हृतिक नावाच्या एका पोरगेल्या इंजिनिअरला थ्रीडी करणारं कुणीतरी हवं होतं. अक्षदाने व्हिडिओ बघून बघून ते शिकून घेतलं, कॉम्प्युटर घेतला. मुख्य प्रश्न जाईचा होता. जाई तिची मुलगी, आता दुसरीत. सासू जाईबाई गेल्यावर वर्षाने झाली म्हणून तेच नाव. तिला शाळेत सोडायचं कुणी, आणायचं कुणी, अभ्यास कुणी घ्यायचा? आप्पा तेव्हा एवढंच म्हणाले होते, "पोरीचं मी बघतो. तू तुझं काम कर." एकतीस वर्षं दुसऱ्याचं वाक्य परत म्हणणाऱ्या माणसाचं हे स्वतःचं वाक्य होतं. अक्षदाने ते मनात जपून ठेवलं होतं, पण बोलून कधी दाखवलं नव्हतं.

तेव्हापासून गाडी रुळावर होती. सकाळी आठला आप्पा जाईला स्कूटरवरून शाळेत सोडत, साडेबाराला आणत, संध्याकाळी पुस्तक हातात धरून धडे वाचून दाखवत. दर गुरुवारी अक्षदा एसटीने शिरूरला हृतिकच्या ऑफिसात जायची, आठवड्याचं काम दाखवायची, नवं घेऊन यायची. बाकीचे दिवस कॉम्प्युटरवर ती स्वतः बसायची, म्हणून मोठं काम गुरुवारीच जायच्या आधी लावून, मॉनिटर बंद करून जायची, म्हणजे परत येईपर्यंत ते तयार. या सगळ्यात खटका उडायचा तो एकाच गोष्टीवरून. सात वर्षांची घोडी झाली तरी जाई स्कूटरवर पुढे उभी राहायची.

"आप्पा, तिला मागं बसवा. हँडल वळवता तरी येतं का तुम्हाला?"

"पुढंच बरी. मागं झोपंल." आणि जाईसुद्धा लगेच तोंड फुगवून, "मी पुढंच!" आजोबा-नातीची ही युती अक्षदाला फोडता आली नव्हती.

ड्रायव्हर पहिल्यांदा गेला तो दोन महिन्यांपूर्वी, आणि तो खरोखरच आपण होऊन गेला. कॉम्प्युटरने स्वतःच रातोरात नवा ड्रायव्हर घेतला आणि त्याचं आणि थ्रीडीच्या प्रोग्रॅमचं जमेना. बाजारातले इब्राहिमभाई आले. पन्नाशीचा शांत माणूस, कॉम्प्युटर दुरुस्त करताना स्वतःशी मोठ्याने बोलणारा. माऊस अडकत होता म्हणून त्यांनी सगळं कीबोर्डवरूनच केलं. "आता हे दाबलं, आता चार खाली, आता डिलीट, आता खूण करून एंटर." जुना ड्रायव्हर निघाला तसा पडदा एकदम मोठा झाला. मग त्यांनी आधीचा, जमणारा ड्रायव्हर परत बसवला, पडदा होता तसा बारीक आणि रेखीव झाला, आणि कॉम्प्युटरने पुन्हा आपल्या मनाने काही घेऊ नये म्हणून ते अपडेट बंद करून टाकलं. आप्पा मागे खुर्ची टाकून हे सगळं मन लावून ऐकत होते. ड्रायव्हर परत कसा बसवायचा ते अक्षदाही त्या दिवशी शिकली.

त्यानंतर महिनाभराने हे गुरुवार सुरू झाले. पहिल्या गुरुवारी तिने नशिबाला बोल लावला. दुसऱ्या गुरुवारी कपाळ बडवून घेतलं. तेव्हा आप्पाच म्हणाले होते, "नोंद ठेव. पॅनलवर काय बिघडलं, तर आधी लॉगबुक बघायचं. लॉगबुक खोटं बोलत न्हाई." त्यांनी आपली एक जुनी डायरीही दिली. अक्षदाने तारखा लिहिल्या आणि तिच्या लक्षात आलं, की वार एकच आहे. गुरुवार! म्हणजे लाईट. दुरुस्तीसाठी लाईट घालवतात ती गुरुवारीच. तिने वायरमन भैरूला फोनवर असं काही फैलावर घेतलं, की तो पाच मिनिटं नुसता 'ऐका तर, ऐका तर' करत होता.

"ताई, ऐका तर. गेलं तीन गुरुवार आपल्या लाईनची लाईट गेलीच न्हाई. आईशप्पथ."

ती त्याच्यावर आणखी चिडली. माणसाला राग काढायला जागा हवी असताना ती काढून घेणं हा काही कमी गुन्हा नाही.

आणि आजचा हा चौथा. आज तर कहर होता. न्हावऱ्याचे पोपटराव, झेंडू आणि टोमॅटोवर वर आलेले बागायतदार, रविवारी बंगल्याचा पाया भरणार होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मोठा पडदा लावून सगळ्या पाहुण्यांना आपला न बांधलेला बंगला आतून फिरवून दाखवायचा, अशी त्यांची टूम. व्हिडिओ तीनदा फसला होता. आज दुपारी हृतिक तिच्याकडे न बघता, फोनकडे बघत म्हणाला होता, "मॅडम, शनिवारी सकाळी हातात पायजे. पोपटराव माझ्या डोक्यावर बसलेत. पुण्याची एक पार्टी तयार हाय. आन् एकदा तिकडं गेलं, की मग सगळंच काम तिकडं जाईल, मी काय करणार?"

"घरी चालूच हाय," ती ठसक्यात म्हणाली होती. "संध्याकाळी पाठवते." आणि आता ती त्या फुगलेल्या अक्षरांसमोर उभी होती. शरम आणि राग एकमेकांत असे मिसळले होते, की कुठलं कुठे संपतंय ते तिला कळेना.

या वेळी तिने ड्रायव्हर बसवलाच नाही, इब्राहिमभाईंनी तो गेलेला डोळ्यांनी बघावा म्हणून पडदा तसाच ठेवला. शुक्रवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं तेव्हाच ती इब्राहिमभाईंपुढे उभी राहिली. तिने सुरुवात खालच्या पट्टीत केली, पण दुसऱ्या वाक्यालाच आवाज चढला.

"महिन्यात चारदा! काय करून ठेवलंय तुम्ही माझ्या कॉम्प्युटरला? का मुद्दाम काही ठेवलंय आत, पुन्हा पुन्हा तुम्हाला बोलवावं म्हणून?"

समोरच्या चहावाल्याने गाळणी हातात धरून मान वर केली. इब्राहिमभाईंनी आधी शटरची काठी भिंतीला टेकवली.

"ताई, मी पहिल्यांदा आलो, त्याला दोन महिने झाले. त्यानंतर तुम्ही मला बोलवलंच न्हाई. तुम्हीच बसवता न्हवं ड्रायव्हर?"

हे खरं होतं, म्हणून तिला आणखी लागलं. "मग आपोआप जातो का तो?"

"तेच म्हणतोय. बिघडंल, अडकंल, पण आपोआप निघून जात न्हाई. चला, बघू."

वाटेत ती दोन पावलं पुढेच चालत राहिली. चूक आपली असली की अक्षदाची मान जास्तच ताठ व्हायची. घरी आली तेव्हा अकरा वाजून गेले होते. आप्पा जाईला सोडून कधीच परतले होते आणि ओट्यावर बसून होते.

इब्राहिमभाईंनी खुर्ची ओढली, त्या मोठाल्या अक्षरांतून वाट काढत दोन-तीन खिडक्या उघडल्या आणि म्हणाले, "ताई, कॉम्प्युटरचं पण स्वतःचं लॉगबुक असतं. कोणतं उपकरण कवा बसवलं, कवा काढलं, वेळेसकट लिहून ठेवतो तो. हे बघा."

अक्षदा वाकली. 'काढले' अशा चार नोंदी होत्या. चारही गुरुवारच्या. ११:४१, ११:३८, ११:४०, ११:४२.

"हे आपोआप न्हाई," इब्राहिमभाई हलक्या आवाजात म्हणाले. "हे माणसानं काढलंय. हातानं."

गुरुवारी पावणेबाराला ती शिरूरला असे. खंडू त्या वेळी कंपनीत तरी असे, नाहीतर रात्रपाळी करून मेल्यासारखा झोपलेला. जाई शाळेत. घरात जागं माणूस एकच उरत होतं आणि ते ओट्यावर बसलं होतं. चोर सोडून तिने वायरमन झाला, इब्राहिमभाई झाले, संन्याशांनाच फाशी दिली होती.

ती बाहेर आली. आवाज इतका थंड होता, की तो ओरडण्यापेक्षा वाईट वाटावा. "आप्पा, माझ्या कॉम्प्युटरला तुम्ही हात लावता?"

आप्पांनी या वेळी ओके म्हटलं नाही.

"चार गुरुवार! माझं काम जातंय तिकडं. लोक तोंडावर बोलतात मला. मी वायरमनला शिव्या घातल्या, या भल्या माणसाला बाजारात चोर ठरवलं. आन् तुम्ही मला डायरी देता? नोंद ठेव म्हणता? लॉगबुक खोटं बोलत न्हाई म्हणता?"

आप्पा सावकाश उठले, आत गेले, देवाच्या फळीमागे हात घातला आणि एक घडी केलेला कागद तिच्या हातात ठेवला. जाड काळ्या स्केचपेनने, अंगठ्याएवढ्या अक्षरांत त्यावर लिहिलं होतं. 'पायरी एक, मॉनिटर चालू. पायरी दोन, खिडकीचं बटण आणि एक्स.' अशा नऊ पायऱ्या. त्यात 'चार खाली' होतं, 'डिलीट' होतं, 'खूण करून एंटर' होतं. दहावी, 'काम झाल्यावर मॉनिटर बंद.' खाली चार तारखा, चार वेळा, आणि प्रत्येकीसमोर सही. एकतीस वर्षांत त्यांनी सही केल्याशिवाय कुठल्या यंत्राला हात लावला नव्हता, आणि इथेही लावला नव्हता.

"त्यानं काढलं तवा अक्षरं मोठी झाली," आप्पा म्हणाले. "मी बघितलं. मला वाचता आलं."

"म्हंजी?"

"जाईच्या पुस्तकाची फाईल हाय त्यात. गुरुवारी ती उघडतो आन् आठवड्याचे धडे पाठ करून ठेवतो. छापील पुस्तकातलं आता दिसत न्हाई. नुसत्या मुंग्या."

अक्षदाला संध्याकाळचं चित्र डोळ्यांसमोर आलं. आप्पा पुस्तक नाकासमोर धरून घडाघडा वाचताहेत आणि जाई बोट ठेवून मागे मागे येतेय. पानं जाई उलटायची. नेहमी जाईच उलटायची.

"आन् मी लावलेलं काम? पडद्यावर चालू असायचं ते?"

"बारीक काहीतरी हलत असायचं. काय ते कळायचं न्हाई. तू बंद करून गेलीस असंच वाटायचं. दर वेळी तू फिरून ते बारीक करायचीस, म्हणून मला दर गुरुवारी काढायला लागायचं." ते थांबले. "तुझं काम त्यानं जातंय हे मला ठाऊक न्हवतं. तू नुसतं 'ड्रायव्हर गेला' म्हणायचीस. मी काढला, तर जाणारच की तो. मला वाटलं, परत बसवायचा तरास होतो म्हणून चिडतीस. कपाळ बडवलंस तवा वाटलं, दुसरं कायतरी बिघडलंय, म्हणून डायरी दिली."

इब्राहिमभाई खुर्चीवरून उठले. त्यांनी आतापर्यंत ड्रायव्हर बसवून पडदा पूर्वीसारखा केला होता, जाईची फाईल उघडली होती. "आप्पा, इकडं या. हे डाव्या कोपऱ्यातलं बटण धरायचं आन् हे अधिकचं दाबायचं." त्यांनी दोनदा दाबलं. अक्षरं वाढली. चारदा दाबलं, पडद्यावर एकच ओळ मावेना. "बस, एवढंच. ड्रायव्हर काढायचा न्हाई, काय न्हाई."

आप्पा पडद्याकडे बघत राहिले. "दोनच बटणं?"

"दोनच."

अक्षदाला हुंदका आला असता तर बरं झालं असतं, पण तिला रागच आला. नऊ पायऱ्या पाठ केल्या, पण दोन बटणं विचारली नाहीत! कुणाला विचारायचं त्यांनी? ती तर सदानकदा पडद्याला तोंड लावून बसलेली, चहा ठेवलाय म्हणण्यापलीकडे बोलायची नाही. हा राग कुठे ठेवावा ते तिला समजेना.

"कवापासून दिसत न्हाई?"

"गेल्या दिवाळीच्या आधीपासून कमी व्हत गेलं. कुरकुंभला डोळ्यांचं शिबिर झालं, तिथं दाखवलं व्हतं. मोतीबिंदू न्हाई म्हणाले. साखरेनं आतला पडदा सुजलाय. पुण्याला जाऊन डोळ्यात इंजेक्शनं घ्यायला लागतील."

"आन् तुम्ही बोलला न्हाई."

आप्पांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे तिकडे तोंड केलं. बाराचे टोले पडून थोडा वेळ झाला होता. "शाळा सुटायची वेळ झाली," असं म्हणून ते सवयीने दाराकडे वळले आणि खिळ्यावरची किल्ली शोधायला त्यांनी भिंतीवर हात फिरवला. बोटं आधी चौकटीला लागली, मग कॅलेंडरला, मग खिळ्याला.

अक्षदा ते बघत होती.

"आप्पा," ती किंचाळली, "तुम्ही गाडी चालवता!"

इब्राहिमभाईंनी नजर खाली घातली.

"दिवाळीपासून! माझ्या पोरीला घेऊन! मोठ्या रस्त्यावरून, उसाच्या ट्रॅक्टरांमधून! तुम्हाला हातातलं पुस्तक दिसत न्हाई आन् तुम्ही..."

"रस्ता पाठ हाय मला."

"रस्ता काय धडा हाय पाठ करायला? ट्रक रोज त्याच जागी उभा राहतो व्हय?"

"मी गाडी सोडली असती," आप्पा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलला, "तर पोरीला सकाळ-दुपार तुला न्यायला लागलं असतं. गुरुवारी शिरूरला कशी गेली असतीस? जाईबाई म्हणायची, सून हुशार हाय, तिचा हात चुलीत घालू नका. तुझं काम सुटलं असतं अक्षदा."

"माझ्या कामासाठी?" ती म्हणाली. "माझ्या कामासाठी माझी पोरगी?" आप्पांच्या हातात आलेली किल्ली तिने इतक्या जोरात ओढून घेतली, की त्यांचं बोट खरचटलं. असलं प्रेम चुलीत घालावं, असंही तिच्या तोंडून निघून गेलं. आप्पा उभेच राहिले. शिव्या खायला उभा राहावा तसा माणूस उभा होता, आणि त्यामुळे तर तिला आणखी शिव्या द्याव्याशा वाटल्या.

पण बारा वाजून गेले होते. ती आत गेली, दोन मिनिटांत पोपटरावांचा बंगला उघडला आणि व्हिडिओ कामाला लावला. पडद्यावर पहिला टक्का उमटला. आता लागलं तर रात्री आठपर्यंत होईल, आणि शनिवारी सकाळी हृतिकच्या हातात.

"मी जातीय जाईला आणायला. कॉम्प्युटरला कुणी हात लावायचा न्हाई."

"हात लावायचा न्हाई, ओके," आप्पा म्हणाले, आणि खोलीच्या दारात स्टूल टाकून बसले.

"इब्राहिमभाई, चहा घेतल्याशिवाय जाऊ नका. मी येऊन करते," एवढंच तिने म्हटलं. माफी मागायची तिची रीत तीच होती, आणि इब्राहिमभाईंना ती समजली असावी, कारण ते खुर्चीवर बसून राहिले.

शाळेच्या फाटकात आप्पांऐवजी आईला बघून जाई चकित झाली. आप्पांना ती आबा म्हणायची. "आबा?"

"घरी हायत. बस मागं."

पण जाई मागे गेलीच नाही. दप्तर काढून तिने आईच्या हातात दिलं, सरळ पुढे चढली आणि दोन्ही हातांनी आरशांचे दांडे धरून ताठ उभी राहिली. अक्षदा ओरडणार होती, पण मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. तिने गाडी काढली. डोक्यात नुसता जाळ होता. घरी गेल्यावर आप्पांना काय काय ऐकवायचं, याची ती जुळवाजुळव करत होती. खंडूला फोन लावायचा, पुण्याची वेळ घ्यायची, गाडीची किल्ली कपाटात टाकायची.

शाळेची गल्ली संपून मोठा रस्ता लागला तसा पुढून पातळ, खणखणीत आवाज आला.

"उजवीकडनं ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या."

अक्षदाने ब्रेक दाबला. ट्रॅक्टर अजून लांब होता. "दिसतोय मला, जाई."

"असं न्हाई. म्हण ना."

"काय म्हणू?"

"ट्रॅक्टर, ओके. तू म्हटलं न्हाईस, तर मला कसं कळणार, तुला कळलं ते?" जाईने मान वळवून आईकडे पाहिलं. ती रागावली होती, आणि ते रागावणं थेट अक्षदाचंच होतं. "आबा कधी विसरत न्हाईत. मी खाली प्लँटमधी, आबा वर पॅनलवर. मी बघायचं आन् आबांनी चालवायचं. गाडी चालू हाय तवर ड्यूटीवरच्या माणसानं दुसरीकडं बघायचं न्हाई."

उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत त्यांच्या पुढून धडधडत गेला. चिपाडं उडाली. जाईने पापणीसुद्धा हलवली नाही. सात वर्षांची पोर, दिवाळीपासून रोज दोन वेळा, या रस्त्यावर ड्यूटी करत होती. घरात कुणाला एका शब्दाने बोलली नव्हती. आणि आई म्हणायची, मागे बस.

अक्षदाला ओरडायचं होतं. आप्पांवर, खंडूवर, त्या पडद्यावर, आणि सगळ्यात जास्त ज्या बाईला घरातलं काहीच दिसलं नाही त्या बाईवर. तिने कसाबसा गिअरशिवायच्या त्या गाडीचा कान पिळला आणि गाडी रस्त्यावर घेतली.

"डावीकडनं सायकल," जाई म्हणाली आणि थांबली.

"सायकल, ओके," अक्षदा म्हणाली.